दगडी फळाचा सांधा

बाणाच्या टोकावर बसवलेल्या धारदार तुकड्याला मराठीत फळ म्हणतात, आणि हे फळ दगडाचे असेल तेव्हा बाणाची योग्यता दगडाच्या धारेपेक्षा दांडीशी झालेल्या त्याच्या जोडणीवर अधिक ठरते. लोखंडी फळाला लोहार दांडीवर चढणारी नळी किंवा दांडीत रुतणारे शेपूट काढू शकतो. दगडाला ते शक्य नसल्याने दांडीच्या टोकाला खाच पाडणे, दगडाचा बुडखा तिच्यात बसवणे, उरलेली पोकळी चिकट लुकणाने भरणे आणि वरून तात, म्हणजे जनावराच्या स्नायूचा धागा, गुंडाळणे अशा चार कामांतून तो सांधा उभा राहतो. जुनी साधने जुन्याच पद्धतीने पुन्हा घडवून त्यांचा वापर पारखणाऱ्या अभ्यासाला प्रायोगिक पुरातत्त्व म्हणतात. त्याची आवड असलेले हौशी अभ्यासक आपले आठवडे दगडाच्या कपच्या काढण्यात घालवतात आणि सांधा मात्र शेवटच्या तासाभरात उरकतात. प्रस्तुत लेखकाने डोंबिवलीतील आपल्या घरात नेमके हेच केले आणि त्याची किंमत डाव्या तळहाताने मोजली. ठाणे-कल्याण परिसरात हा उद्योग करू पाहणाऱ्यांपैकी कोणावर तशी वेळ येऊ नये, एवढ्यासाठी पुढील विवेचन आहे.

प्रथम दगडाविषयी. खरी चकमक खडूच्या व चुनखडीच्या थरांत तयार होते आणि सह्याद्रीच्या लाव्हात ती सापडत नाही. महाराष्ट्रातील प्राचीन कारागिरांनी तिच्या जागी बेसाल्टच्या पोकळ्यांत साठलेली कॅल्सेडनी, अकीक आणि जास्पर ही सिलिकायुक्त खनिजे वापरली. ठाणे शहर ज्या साष्टी बेटावर वसले आहे त्याच बेटावर, कांदिवली-मालाडच्या बाजूस, अभ्यासक के. आर. यू. टॉड यांनी नोंदवलेली सूक्ष्मास्त्रे, म्हणजे बोटाच्या पेराएवढी किंवा त्याहून लहान दगडी पाती, १९५० मध्ये प्रसिद्ध झाली. अशी पाती एकेकटी हातात धरून फारसे काम होत नाही. ती लाकडात वा हाडात ओळीने बसवली जात, आणि भीमबेटका येथील शैलचित्रांत अशा काटेरी बाणांची चित्रेही आढळतात. जेथे अशी पाती जमिनीवर विखुरलेली असतात त्या स्थळावरून एकही पाते उचलू नये, कारण कोणते पाते कोणत्या थरात आणि कशाच्या शेजारी पडले होते हीच त्याची साक्ष असते आणि ती खिशात घालून नेता येत नाही. सरावासाठी खाणीतून निघालेला किंवा बाजारात मिळणारा अनघड अकीक पुरेसा असतो.

दुसरी गोष्ट कायद्याची. भारतात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम ९ अन्वये शिकारीस बंदी असून कायद्याच्या व्याख्येत शिकारीचा प्रयत्नही शिकारच ठरतो. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाची हद्द येऊरपाशी ठाणे शहराला भिडते, त्यामुळे तीरकामठा घेऊन त्या रानात शिरणे, हेतू कितीही अभ्यासाचा असला तरी, सर्वथा वर्ज्य मानावे. येथे सांगितलेला बाण केवळ पेंढ्याच्या लक्ष्यासाठी आहे.

दगड फोडताना उडणाऱ्या धुळीत स्फटिकरूप सिलिकाचे अतिसूक्ष्म कण असतात आणि ते फुप्फुसात कायमचे व्रण पाडतात. खंभातच्या अकीक-कारागिरांमध्ये सिलिकोसिस हा रोग दीर्घकाळ आढळत आला आहे. इमारतीतील बंद सज्जा ही या कामाची जागा नव्हे. काम उघड्यावर, वाऱ्याकडे पाठ करून, डोळ्यांवर चष्मा आणि तोंडावर एन-९५ मुखपट्टी लावून करावे, आणि घासण्याचे काम दगड ओला ठेवूनच करावे.

आता मूळ विषय. १९९१ मध्ये आल्प्सच्या हिमनदीत सापडलेल्या, सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीच्या ओट्झी या मानवाच्या भात्यातील बहुतेक बाण अपुरे होते, परंतु पूर्ण झालेल्या दोन बाणांवर चकमकीची फळे खाचेत बसवून भूर्जाच्या डांबराने चिकटवलेली आणि धाग्याने बांधलेली होती. खाच, लुकण आणि बांधणी ही तिन्ही वेगवेगळी कामे करतात: खाच आघात सरळ दांडीत पोहोचवते, लुकण दगडाला डुलू देत नाही, आणि बांधणी खाचेच्या दोन ओठांना फाकण्यापासून अडवते. यांतील एक अंग कमकुवत राहिले की उरलेल्या दोहोंवर न पेलणारा भार येतो.

प्रस्तुत लेखकाच्या बाणात तिन्ही अंगे कमकुवत होती. दांडी लाकडाची, सुमारे नऊ मिलिमीटर जाडीची आणि चांगली सरळ होती. परंतु खाच करवतीने पाडताना तिचा तळ कोनदार राहिला आणि त्या कोनातून लाकडाच्या रेषेने चीर धावण्यास वाट मिळाली. दगडाच्या बुडख्याची धार तशीच ठेवल्यामुळे वर गुंडाळलेला सुती दोरा आतून कापला जात होता. लुकण म्हणून वापरलेला डिंक सुकल्यावर तडकला. तिसऱ्या नेमाला दोरा तुटला, फळ मागे सरकून पाचरीसारखे शिरले आणि दांडी जवळजवळ वीतभर उलली. येथवर नुकसान केवळ दांडीचे होते. खरी चूक त्यानंतर घडली. ती चीर सरसाने, म्हणजे सुतार वापरतात त्या प्राणिज गोंदाने, बुजवून, घासून, रंग देऊन दांडी पुन्हा वापरात आणली गेली. पूर्ण ताणलेल्या बाणाचे पुढचे टोक धनुष्य धरलेल्या मुठीलगत असते, म्हणून फळामागची वीतभर दांडी सुटताना त्या हातावरूनच जाते. दोरी सुटताच दांडी बुजवलेल्या चिरेपाशी वाकून मोडली आणि मागचा अर्धा भाग दोरीच्या पूर्ण जोरानिशी अंगठ्याच्या बुडाशी घुसला. वरचे दिसणारे तुकडे घरीच ओढून काढण्यात आले, हा आणखी एक अविचार. लाकडाची व बांबूची कुसळे क्ष-किरण चित्रात बहुधा दिसत नाहीत, आत राहिलेले एक कुसळ बाराव्या दिवशी पू धरून वर आले आणि मग शस्त्रक्रिया करावी लागली. अशा जखमेत रुतलेला तुकडा न हलवता थेट रुग्णालय गाठावे, धनुर्वाताची लस घ्यावी आणि तुकडा लाकडाचा आहे हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे, म्हणजे ते सोनोग्राफीचा विचार करू शकतात.

या चुकांवरून सांध्याची योग्य रीत उलगडते. खाच पाडण्यापूर्वीच, ती जेथे संपणार त्याच्या किंचित मागे, दांडीवर बोटभर रुंदीची घट्ट बांधणी करावी, म्हणजे चीर धावलीच तर तेथे थांबते. दांडी बांबूची असल्यास निसर्गाने ही बांधणी आधीच दिलेली असते: खाच कांड्यात पाडून तिचा तळ पेराच्या अलीकडे ठेवावा, कारण पेरातील आडवे तंतू चीर अडवतात. खाचेचा तळ कानशीने गोल करावा. दगडाचा बुडखा दोन्ही अंगांनी पातळ करावा आणि जेवढा भाग बांधणीखाली जाणार तेवढ्याची धार खरखरीत दगडावर ओली घासून पूर्ण बोथट करावी. दगड खाचेत हाताने बसला पाहिजे; ठोकून बसवलेला दगड म्हणजे दांडीत अगोदरच मारून ठेवलेली पाचर होय.

लुकणासाठी वजनाने चार भाग राळ, एक भाग मधमाशांचे मेण आणि साधारण एक भाग कोळशाची वस्त्रगाळ पूड हे प्रमाण आरंभाला चांगले आहे. राळेची वाफ पेट घेते, म्हणून डबा तापलेल्या वाळूत ठेवून, उघड्यावर, मंद आचेवर ती वितळवावी. गार झालेल्या थेंबावर नख दाबून पाहावे: त्याचा चुरा झाला तर मेण कमी आहे, नख सहज रुतले तर मेण अधिक आहे. ही परीक्षा ऋतूप्रमाणे पुन्हा करावी लागते, कारण जानेवारीत घट्ट वाटणारे मिश्रण मे महिन्याच्या कल्याणमध्ये मऊ पडते. पावसाळ्याचा त्रास वेगळाच आहे. सरस लावून गुंडाळलेली तात कोरड्या हवेत आकसून लोखंडी कड्यासारखी आवळते, पण आषाढ-श्रावणातील दमट हवेत तोच सरस ओलावा शोषून ढिला होतो. त्यावर लाखेचा किंवा राळेचा पातळ लेप हवाच.  बांधणी एकावर एक चढवून जाड करू नये. फळामागे गाठोड्यासारखा उंचवटा राहिला तर बाण तेथेच अडतो आणि आघाताचा सारा भार सांध्यावर येतो.

तयार बाण टोकावर उभा धरून बोटांनी भोवऱ्यासारखा फिरवावा. तो थरथरला तर फळ तिरपे बसले आहे आणि लुकण ऊन करून ते पुन्हा बसवावे. त्याहून महत्त्वाची परीक्षा प्रत्येक नेमापूर्वीची, वगळण्यास कोणतीही सबब नसलेली: दांडी दोन्ही हातांत धरून, चेहऱ्यापासून दूर, चारही दिशांना हलकेच वाकवून कानांनी ऐकावे. टिचल्याचा बारीकसा आवाज आला किंवा केसाएवढी रेघ दिसली तर ती दांडी तेथेच मोडून टाकावी, म्हणजे संध्याकाळच्या मोहात ती पुन्हा उचलली जात नाही. लोकलने प्रवास करताना फळे दांडीवर चढवलेली नसावीत; ती कापसात गुंडाळून पत्र्याच्या डब्यात न्यावीत.

दगडी फळ कठीण वस्तूवर आपटले की त्याच्या काचेसारख्या ठिकऱ्या उडतात, म्हणून लक्ष्य घट्ट बांधलेल्या भाताच्या पेंढ्याचे असावे, त्यामागे मातीचा बांध असावा आणि खाली जाड चादर अंथरावी. मुरबाड-शहापूरकडे असा पेंढा सहज मिळतो, परंतु तेथे तो गुरांची वैरण असतो आणि त्यात अडकलेली ठिकरी झाडूनही निघत नाही. तेव्हा त्याची पूर्ण किंमत मालकाला आधीच द्यावी, आणि वापरलेली एकही पेंढी गोठ्याकडे परत जाऊ देऊ नये.