घोडा घ्यावा, पण हिशोबाने!

"काय रे, घोडा घेतलास का?"

जानेवारी २०२५ मध्ये आमच्या हॉस्टेलच्या दुसऱ्या मजल्यावर "जेवलास का?" याऐवजी हाच प्रश्न विचारला जायचा. बाहेरचा माणूस ऐकेल तर त्याला वाटेल, ही पोरं इंजिनिअरिंग सोडून तबेला काढताहेत की काय! घोडा म्हणजे 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' या ऑनलाइन खेळातलं वाहन. खेळाच्या भाषेत 'माउंट'. हा खेळ २३ नोव्हेंबर २००४ ला सुरू झाला. २०२४ मध्ये त्याला वीस वर्षं झाली, तेव्हा जुन्या नियमांचे नवे सर्व्हर उघडले आणि आम्ही चौघं त्यात उतरलो.

मित्रांनो, या लेखात मी कुठला राक्षस कसा मारायचा ते सांगणार नाही. मला सांगायचंय ते घोड्याच्या किमतीबद्दल, कारण त्या किमतीनं मला जो हिशोब शिकवला तो कुठल्याच प्रॅक्टिकलमध्ये शिकलो नव्हतो.

घोडा एवढा महाग का?

आधी चलन समजून घ्या. १०० कॉपर म्हणजे १ सिल्व्हर आणि १०० सिल्व्हर म्हणजे १ गोल्ड. जुन्या नियमांत ४० व्या लेव्हलला पहिलं माउंट मिळतं. स्वारी शिकण्याचे २० गोल्ड आणि जनावराचे ८०, म्हणजे एकूण १००. त्याने वेग ६० टक्क्यांनी वाढतो. ६० व्या लेव्हलचं माउंट १०० टक्के वेग वाढवतं, पण त्याची किंमत तब्बल १००० गोल्ड!

ही लूट वाटते, पण त्यामागे कारण आहे. या जगात तुम्ही राक्षस मारला की पैसा शून्यातून तयार होतो. हजारो खेळाडू रोज असे पैसे 'छापत' असतात. टाकीचा नळ सतत चालू असेल तर खाली तोटी हवीच, नाहीतर टाकी वाहणार, म्हणजे महागाई होणार. घोडा ही ती तोटी. विक्रेत्याला दिलेलं गोल्ड कुणाच्याच खिशात जात नाही, ते नाहीसं होतं. २००७ मध्ये 'बर्निंग क्रुसेड' आलं, तेव्हा वेगानं उडायला शिकण्यासाठी ५००० गोल्ड मोजावे लागत. तोटी आणखी मोठी केली, एवढंच!

माझी फजिती

मी निवडला योद्धा. माझा रूममेट वॉरलॉक. वॉरलॉक आणि पॅलाडिन यांना ४० व्या लेव्हलचं वाहन त्यांच्या विद्येतूनच मिळतं, बाजारात जावं लागत नाही. त्यामुळे तो त्याच्या जळत्या खुरांच्या घोड्यावरून माझ्याभोवती चकरा मारायचा आणि मी पायी! ४० व्या लेव्हलला माझ्याकडे होते फक्त ३१ गोल्ड. बाकीचे गेले कुठे? लिलावात घेतलेल्या एका कुऱ्हाडीचे २२ गोल्ड, जी तीन लेव्हलनंतर विकून टाकली. कधीच न वापरलेल्या विद्यांची फी. शिवाय प्रत्येक वेळी मेल्यावर चिलखताची दुरुस्ती... आणि मी बराच मरायचो.

मग गोल्ड जमवलं कसं?

१) लोहारकाम सोडलं. ते धातू खातं. त्याऐवजी खाणकाम आणि कातडी काढणं असे दोन 'गोळा करायचे' धंदे धरले. त्यात भांडवल जवळजवळ शून्य, सगळा माल विक्रीला.

२) लिलावगृहाचे नियम नीट वाचले. आपल्या गटाच्या लिलावात विक्रीवर ५ टक्के कापले जातात. माल विकला गेला नाही तर अनामत रक्कम बुडते. म्हणून भाव बघूनच माल लावायचा, उगाच चढा भाव सांगायचा नाही.

३) रोज लागणाऱ्या विद्या तेवढ्याच शिकलो. बाकीच्या घोडा घेतल्यावर.

४) आपल्या शहराची कामं करून 'ऑनर्ड' ही प्रतिष्ठा मिळवली. त्यावर १० टक्के सूट मिळते. शंभराचा घोडा नव्वदला!

फेब्रुवारीत एल्विनच्या जंगलात, ईस्टव्हेलच्या लाकूडवखारीजवळ जाऊन मी तपकिरी घोडा घेतला. रात्री दोन वाजता. सगळा मजला उठवला होता!

शॉर्टकट

याच काळात शेजारच्या खोलीतल्या मित्रानं वेगळा मार्ग धरला. इंटरनेटवर खरे पैसे घेऊन गोल्ड विकणारे असतात. खेळाच्या नियमांत हे चालत नाही. त्यानं मेसच्या ॲडव्हान्सचे १८०० रुपये तिकडे दिले. गोल्ड आलं, घोडाही आला, आणि आठवड्याभरात अकाउंट बंद झालं. मेसचे पैसे गेले हे घरी सांगायची त्याची हिंमत नव्हती. महिनाभर आम्ही तिघांनी त्याच्यासाठी वर्गणी काढली. खरं सांगायचं तर, त्याच्या आदल्या रात्री मीही तीच साइट उघडून बसलो होतो. कार्डाचा नंबर टाकून झाला होता, तेवढ्यात लाइट गेली. माझ्या शहाणपणाचं श्रेय वीजपुरवठ्याला!

हजाराचा घोडा

पुढे ६० वी लेव्हल आली आणि हजाराचा घोडा खुणावू लागला. या वेळी मात्र आधी वही काढली. समजा, रोज ४० मिनिटं चालण्यात जातात. पहिल्या घोड्यानं ती २५ होतात, म्हणजे १५ मिनिटं वाचतात. तेव्हा माझी कमाई तासाला ५ गोल्ड होती, म्हणजे दिवसाला सव्वा गोल्डची बचत. १०० गोल्ड ८० दिवसांत वसूल. दुसऱ्या घोड्यानं २५ ची २० मिनिटं होतात, फक्त ५ मिनिटं वाचतात. आता कमाई तासाला ३० गोल्ड धरली, तरी बचत अडीच गोल्ड. १००० वसूल व्हायला ४०० दिवस! आणि ते १००० मिळवायला तेहतीस तास तरी खाणीत घालवायचे. समोर एम-थ्रीचा पेपर, तोही बॅकलॉगचा.

तेहतीस तासांत एम-थ्रीची पाचही युनिट्स होतात. मी घोडा घेतला नाही. पेपर सुटला.

ज्यांना तो घोडा हौसेनं घ्यायचाय त्यांनी खुशाल घ्यावा, हौसेला मोल नसतं. पण घेण्याआधी एकदा वही काढा. किंमत गोल्डमध्ये लिहिलेली असते, आपण ती तासांत मोजतो.

असो. माझा तपकिरी घोडा अजून तिथेच आहे. रूममेट अजूनही चिडवतो. पण तो स्वतःच्या कमाईचा आहे, आणि मेसचं बिलही भरलेलं आहे!