पिक्चरला निघालीस? आधी रेग्युलेटर बंद कर

अगं, काल रात्री तुझा मेसेज आला तेव्हा मी ओटा पुसत होते. एकाच मेसेजात दोन प्रश्न. ‘ताई, शनिवारी कुठला पिक्चर बघू?’ आणि त्याच्याच खाली, ‘ताई, लाइट बिल जवळजवळ चार हजार आलंय, आता काय करू?’ आधी हसू आलं, मग तुझी काळजी वाटली. नवं भाड्याचं घर, नवरा सेकंड शिफ्टला, पोरगं तीन वर्षांचं आणि त्यात हा कागद. पण खरं सांगू का, मला हे दोन प्रश्न वेगळे वाटतच नाहीत. माझ्या संसारात पिक्चर आणि घरातले घोटाळे कायम जोडीनंच आलेत.

‘बाईपण भारी देवा’ची गोष्ट तुला सांगितली नाही ना मी? २०२३ चा पावसाळा. आमच्या बिल्डिंगमधल्या नऊ जणी नटूनथटून आपल्या उल्हासनगरच्या अशोक-अनिल थिएटरला गेलो. पडद्यावर रोहिणी हट्टंगडी, वंदना गुप्ते, सगळ्या बहिणींची धुसफूस रंगात आलेली, आणि इंटरव्हलला समोसा हातात घेतल्या घेतल्या मला आठवलं की दूध गॅसवरच आहे. बारीक आचेवर ठेवलं होतं, ‘उतू जायच्या आत बंद करू’ म्हणून. समोसा तिथंच टाकून रिक्षा पकडली. कॅम्प ३ ते कॅम्प १ एवढा लांब रस्ता मी आयुष्यात पाहिला नाही.

दूध उतू गेलं होतं आणि त्यानं बर्नर विझवला होता. म्हणजे तासभर गॅस नुसता वाहत होता. दार उघडलं तर वासानं डोकं भणभणलं. घरात अंधार. माझा हात सवयीनं बटणाकडे गेला आणि मागून शेजारच्या सिंधी आंटींनी मनगट धरून ओढलंच मला बाहेर. ‘बत्ती मत जलाना!’ त्या दिवशी त्यांनी मला नाही, अख्खा मजला वाचवला. पुढच्या उन्हाळ्यात पंधरा दिवस मी त्यांच्या पापडांना गच्चीवर राखण बसत होते, उपकाराची फेड म्हणून.

तर बघ, आपला सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो. वर जात नाही, पाण्यासारखा जमिनीलगत पसरतो. म्हणून आधी रेग्युलेटर बंद, मग दारं-खिडक्या सताड उघड्या. बटण लावायचंही नाही आणि चालू असलेलं बंदही करायचं नाही. दोन्ही वेळा ठिणगी उडते. एग्झॉस्ट फॅनला तर हात लावूच नको. पोराला काखेत मारून बाहेर ये आणि मग फोन कर, १९०६ वर. हा गॅसगळतीचा नंबर चोवीस तास चालतो. आज रात्रीच फ्रिजवर लिहून ठेव, मोबाइलमध्ये नाही. घाबरलं की मोबाइलचं लॉक उघडत नाही गं.

आणि नळी बघ तुझी. केशरी रंगाची, आत तार असलेली सुरक्षा नळी असेल तर तिच्यावर तारीख छापलेली असते. पाच वर्षं झाली की बदलायची, चांगली दिसत असली तरी. हिरवी मऊ रबरी नळी असेल तर उद्याच्या उद्या काढ. माझ्या सासूबाई गळती बघायला काडी ओढायच्या, वर्षानुवर्षं. देवानंच सांभाळलं आम्हाला. तू साबणाचं पाणी लाव, बुडबुडे आले की कळतं. सिलिंडर घेताना त्याच्या वरच्या कड्याच्या पट्टीवर एक अक्षर आणि वर्ष रंगवलेलं असतं तेही बघ. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी एप्रिल ते जून, सी जुलै ते सप्टेंबर, डी वर्षाअखेरचे तीन महिने. ती मुदत उलटून गेली असेल तर सिलिंडर दारातूनच परत पाठव. आणणारा पोरगा ‘मॅडम काही होत नाही’ म्हणेल, म्हणू दे.

‘बाईपण’चा इंटरव्हलनंतरचा भाग मी नंतर टीव्हीवर पाहिला. आधीचा भाग जास्त खरा वाटला मला. मंगळागौरीच्या स्पर्धेनं सगळ्या बहिणींचं इतकं पटकन जुळतं होय? आमच्या तिघी बहिणींचं एका पैठणीवरून अकरा वर्षं जुळलेलं नाही.

आता ‘मिसेस’. तू बघितलास का? सान्या मल्होत्राचा, २०२५ मध्ये झी फाइव्हवर आला तो. मूळ मल्याळम ‘द ग्रेट इंडियन किचन’ २०२१ चा, तो मला जास्त आवडला, कमी बोलतो म्हणून. पण दोन्हीत ते गळणारं सिंक आहे बघ. ती नवऱ्याला प्लंबरला बोलवायला सांगते, तो विसरतो, ती परत सांगते, तो परत विसरतो आणि ती खाली भांडं लावून घाण पाणी उपसत राहते. सगळ्यांना त्या नवऱ्याचा राग आला. मला बाई तिचाही आला थोडा. अगं, तूच लाव ना फोन प्लंबरला! मग रात्री अंथरुणावर पडल्यावर आठवलं की आमच्या बेसिनखाली आठ महिने बादली होती आणि मीही ‘ह्यांना सांगितलंय’ एवढंच म्हणत होते. बादलीच्या बाजूला मिक्सरचं एक्स्टेंशन बोर्ड. पाणी आणि वीज शेजारी-शेजारी नांदत होती, आणि मी पडद्यावरच्या बाईला शहाणपण शिकवत होते.

‘ह्यांना सांगितलंय’ हे वाक्य तू बोलायचं बंद कर. ह्यांना सांग जरूर, पण प्लंबरचा आणि वायरमनचा नंबर तुझ्या फोनमध्ये पाहिजे. दुपारी घरात तू असतेस, ते नसतात.

तुझं पोरगं लहान आहे म्हणून एक सांगते. ‘पिहू’ नावाचा २०१८ चा हिंदी पिक्चर आहे, दोन वर्षांची मुलगी घरात एकटी सापडते त्याचा. तो तू बघूच नको. मी बघितला आणि दोन रात्री झोपले नाही. माझ्या मते दिग्दर्शकानं धोके जरा जास्तच रचलेत, एवढं सगळं एका दिवसात होत नाही. पण चालू राहिलेली इस्त्री आणि बाल्कनी, ह्या गोष्टी खोट्या नाहीत. बाल्कनीत खुर्ची, कुंडी, बादली, पोराला पाय ठेवून चढता येईल असं काही ठेवू नको. ग्रिलला कुलूप असेल तर किल्ली आतल्या बाजूला खिळ्यावर. आपल्याकडे लोक ग्रिलमध्ये अख्खं माळ्यावरचं सामान रचतात आणि किल्ली कपाटात. आग लागली तर उतरायचं कुठून?

मेन स्विचपाशी एक डबी असेल, ईएलसीबी किंवा आरसीसीबी लिहिलेली, आणि तिच्यावर ‘टेस्ट’चं छोटं बटण. ते दाब. खटकन पडली तर चांगली आहे. नाही पडली तर वायरमनला बोलाव. आणि डबीच नसेल तर घरमालकाच्या मागे लाग. विजेची गळती झाली, कुणाला शॉक लागला, की हीच क्षणात लाइन तोडते. साधा एमसीबी ते काम करत नाही, तो जास्त लोड आला किंवा शॉर्ट सर्किट झालं तरच पडतो. मला हा फरक चाळिशीत कळला, तेही वॉशिंग मशीननं झिणझिण्या दिल्यावर. बाथरूममध्ये गॅस गीझर असेल तर मात्र हसण्यावारी नेऊ नको. बंद बाथरूममध्ये त्याचा जो विषारी वायू साठतो त्याला वास नसतो, माणूस अंघोळ करता करता बेशुद्ध पडतो. गीझर बाथरूमच्या बाहेर, हवेशीर जागी बसवून घे. तोवर पाणी चुलीवर, म्हणजे शेगडीवर तापव. आपण मेलो नाही तशा पाण्यानं लहानपणी.

बरं, आता बिल. घाबरू नको. तू पाठवलेला फोटो मी मोठा करून बघितला. सगळे जण शेवटचा आकडा बघून छातीवर हात ठेवतात. तू आधी मागील रीडिंग आणि चालू रीडिंग बघ. तुझ्या बिलात चालू रीडिंगच्या जागी आकडाच नाही, नुसता शेरा आहे. म्हणजे रीडिंगवाला आला तेव्हा तुमच्या मीटरच्या खोलीला कुलूप होतं आणि बिल सरासरीनं लावलंय. सरासरी कुणाची? तुझ्या आधी राहत होते त्यांची, आणि त्यांच्याकडे एसी होता, मला माहीत आहे, त्याचं पाणी आमच्या कपड्यांवर पडायचं. तुझ्या दोन पंख्यांनी आणि एका फ्रिजनं एवढं जळत नाही गं. मीटरचा फोटो काढ, महावितरणच्या ॲपवर तक्रार टाक, नाहीतर १९१२ ला फोन कर. खरं रीडिंग आलं की जास्तीचे पैसे पुढच्या बिलात वळते होतात. आणि वॉचमनला सांग, रीडिंगच्या दिवसांत किल्ली गेटवर ठेव म्हणावं. ह्यापुढे ॲपवरून तुझं रीडिंग तूही पाठवू शकतेस.

युनिटचंही समजून घे. हजार वॅटची वस्तू तासभर चालली की एक युनिट. तीन हजार वॅटचा गीझर तासाला तीन युनिटं खातो, म्हणून तो बंद करायला विसरणं महाग. पहिल्या १०० युनिटांचा दर कमी, १०१ पासून ३०० पर्यंत बराच चढा, त्यापुढे आणखी. पण १०१ वं युनिट झालं म्हणून सगळ्या बिलाला चढा दर लागत नाही, वरच्या युनिटांनाच लागतो. मी कित्येक वर्षं शंभराच्या आत राहायला महिनाअखेरीला पंखे बंद करून घामानं निथळत बसायचे. घरमालक सबमीटर लावून सरसकट एकच दर मागत असेल तर मूळ बिल दाखवा म्हणावं, गोड बोलून पण म्हणच. उन्हाळ्याच्या सुमाराला सुरक्षा ठेवीचं वेगळं बिल येऊ शकतं. ते काही दंडाचं नसतं, वापर वाढला की ठेव वाढते आणि तिच्यावर व्याजही मिळतं. ते मालकानं भरायचं, तू आत्ताच बोलून ठेव.

‘बत्ती गुल मीटर चालू’ ह्यासाठी बघ म्हणणार होते, शाहिद कपूरचा, वाढीव बिलांवरचा. पण नको. विषय सोन्यासारखा आणि कोर्टात नुसता आरडाओरडा. शिवाय पहिला तासभर प्रेमाचा त्रिकोणच संपत नाही.

एक मात्र ऐक. ‘मागचं बिल अपडेट नाही, आज रात्री साडेनऊला वीज तोडणार, ह्या साहेबांना फोन करा’ असा मेसेज आला तर काहीएक करायचं नाही. मी केला होता फोन. साहेब इतके अदबीनं बोलले की मी त्यांना ‘जेवलात का’ विचारलं. त्यांनी एक ॲप टाकायला लावलं, दहा रुपये भरायला लावले आणि सहा हजार गेले. महावितरण खासगी मोबाइल नंबरवर फोन करायला सांगत नाही, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. असं झालं तर रडत बसू नको, लगेच १९३० ला फोन कर. जितक्या लवकर कळवशील तितके पैसे अडवता येतात. मी नवऱ्याला कसं सांगू ह्याच विचारात दोन दिवस घालवले. तो अजून दर बिलाला विचारतो, ‘साहेब जेवले का?’

छताकडेही मान वर करून बघत जा. हे मी हसत लिहीत नाही. मे २०२१ मध्ये आधी आपल्या कॅम्प १ मधल्या मोहिनी पॅलेसचा स्लॅब पडला, आणि दोन आठवड्यांत कॅम्प २ मधल्या साईशक्तीचा. साईशक्तीत वरचा स्लॅब मधले सगळे मजले फोडत खाली आला, सात जण गेले. लष्करी छावणीच्या बराकींवर वसलेलं आपलं गाव, जागा मिळेल तिथं मजले चढवत वाढलं, आणि नव्वदच्या दशकातल्या कितीतरी इमारतींत हलक्या प्रतीची उलवा रेती वापरली गेली. म्हणून बेडरूमच्या कोपऱ्यात पोपडे पडतायत, सळईचा तांबडा डाग दिसतोय, दार अचानक घट्ट बसायला लागलंय, तर रंगाऱ्याला बोलावून पुट्टी मारू नको. तीस वर्षं झालेल्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट करून घेणं कायद्यानं बंधनकारक आहे. तू भाडेकरू असलीस तरी सोसायटीला विचारायचा हक्क तुला आहे, डोक्यावर छत तुझ्याच आहे. एकटीला लाज वाटत असेल तर मी येते सोबत. मीटिंगमध्ये मोठ्यानं बोलायची माझी ख्याती आहेच.

शनिवारचं म्हणशील तर तिकिटाचे पैसे वाचव, तू माझ्याकडेच ये. ‘आता थांबायचं नाय’ लावू, झी फाइव्हवर. भरत जाधव, सिद्धार्थ जाधव. मुंबई महापालिकेचे चतुर्थ श्रेणी कामगार रात्रशाळेत बसून दहावी करतात, खऱ्या घटनेवरून घेतलंय. मी दोनदा बघितला, दोन्ही वेळा पदर ओला. शेवट ओळखीचाच आहे, पण ती पन्नाशीची माणसं वही उघडून बसतात ना, ते बघताना मला माझं पहिलं लाइट बिल वाचणं आठवलं. शाळा सोडल्यावर एवढं लक्ष देऊन मी दुसरं काही वाचलं नव्हतं.

साडेपाचला ये. पोराला घेऊन ये, आंटींनी दाल पकवान करायचं कबूल केलंय. येताना ते बिल आण आणि मीटरचा फोटो काढून आण. आणि दोन जिने तर चढायचेत म्हणून गॅस तसाच ठेवून येऊ नको. मी दारातच विचारणार आहे, रेग्युलेटर बंद केलास का?