जुन्या बाजारातली पटाशी

पुण्यात मंगळवार पेठेत जुना बाजार भरतो. वार बुधवार आणि रविवार. तिथे कुलपे, नळ, घड्याळे अशा पसाऱ्यात सुताराची जुनी हत्यारेही मिळतात. नव्या हत्याराला पैसा पुरत नसेल, तर इथे बघावे. पैसा घामाचा आहे, म्हणून नीट बघावे.

पटाशीची मूठ फुटली आहे? फुटू द्या. मूठ आपण बाभळीची करू. वरवरचा गंज घासला की जातो. पण पाते उलटे करा. पाठीला, धारेजवळ, गंजाने खड्डे पडले असतील तर आम्ही ती पटाशी घेणार नाही. खड्डा धारेवर येतो अन् धार दातरी होते.

धारेला निळा डाग असला, तर पाते चाकावर घासताना तापले, त्याचे पाणी उतरले, असे समजावे. विकणाऱ्याला विचारून धारेजवळ कानस फिरवावी. घसरली तर पोलाद कडक. सहज चावली तर मऊ. फुकट दिली तरी नको.

करवत थोडी वाकवून सोडावी. सरळ झाली तर ठीक.

रंध्याचे पाते आखूड झालेले नको. लाकडी ठोकळा चिरला असला तर चालेल. ठोकळा काय, सुतार घरीच करतो!