अननसाने जेली का बिघडते?

उन्हाळ्यात मुक्ताईनगर परिसरातील केळ्यांचे काप घालून जिलेटिनची जेली करा. गार होताच ती छान थिजेल. त्यात ताजा अननस घातला, तर मात्र पाहुण्यांपुढे गोड पाणीच ठेवावे लागेल! जिलेटिन हे जनावरांच्या हाडा-कातड्यांपासून काढलेले प्रथिन. गार होताना त्याचे लांब धागे एकमेकांत गुंततात व त्या जाळ्यात पाणी अडकते. अननसातील ब्रोमेलिन हे विकर नेमके हे धागेच तोडते. पपईतील पपेनही त्याच जातीचे. आता अननसाच्या फोडी पाच मिनिटे उकळून, गार करून दुसऱ्या वाडग्यात घालून पाहा. उष्णतेने विकर निकामी झालेले असते, म्हणून ही जेली थिजते. शाकाहारी घरांत चायना ग्रास वापरतात. समुद्रशैवालातून मिळणारा हा पदार्थ कर्बोदक असल्याने ब्रोमेलिनची कात्री त्यावर चालत नाही. मात्र तो पाण्यात चांगला उकळूनच विरघळवावा लागतो.