हिवताप, रक्त आणि यकृत

२० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेस बेगमपेठेत रोनाल्ड रॉस हे सूक्ष्मदर्शकाखाली एका डासाचे जठर तपासीत होते. त्या डासाने हुसेन खान नावाच्या हिवतापाच्या रुग्णाचे रक्त प्यायले होते. जठराच्या भित्तीत रॉस यांना गोल पेशी व त्यांत काळे कण दिसले. असेच कण हिवतापाच्या रोग्यांच्या रक्तात असतात, हे त्यांना ठाऊक होते. या ओळखीच्या खुणेवरून डास आणि हिवताप यांचा दुवा सापडला. १९०२ साली रॉस यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

हे काळे कण म्हणजे तरी काय? आपल्या तांबड्या पेशींतील हिमोग्लोबिन हिवतापाचा जंतू खातो; त्यातून उरलेला हा गाळ होय. हिवतापात रक्त का खालावते, याचे उत्तर या गाळातच आहे.

डास चावल्यावर सुमारे अर्ध्या तासात जंतू यकृतात शिरतात व तेथे आठवडाभर किंवा अधिक काळ वाढतात. गंमत अशी की, या काळात ताप नसतो आणि यकृताच्या तपासण्याही बिघडत नाहीत. कारण यकृतातील मोजक्याच पेशींना बाधा झालेली असते. खरे नुकसान जंतू रक्तात उतरल्यावर सुरू होते.

रक्तातील बदल

व्हायव्हॅक्स व फाल्सिपेरम या जातींचे जंतू सुमारे ४८ तासांनी तांबड्या पेशी फोडून बाहेर पडतात. फुटलेल्या पेशींबरोबर कित्येक निरोगी पेशीही पांथरी गाळून टाकते. त्यातच अस्थिमज्जेतील नवी निर्मिती मंदावते. अशा तिहेरी माराने हिमोग्लोबिन उतरते. व्हायव्हॅक्स मुख्यतः कोवळ्या पेशी निवडतो. फाल्सिपेरमला मात्र कोणत्याही वयाची पेशी चालते, म्हणून तो अधिक घातक.

रक्तबिंबिका, म्हणजे प्लेटलेट, निरोगी माणसात दर घन मिलिमीटरला दीड ते साडेचार लाख असतात. हिवतापात त्या बहुधा दीड लाखाच्या खाली येतात. पांढऱ्या पेशी सहसा नेहमीइतक्याच किंवा थोड्या कमी असतात. त्या फार वाढल्या, तर जोडीला दुसरा एखादा जंतुसंसर्ग आहे काय, हे पाहावे लागते.

यकृतातील बदल

फुटलेल्या पेशींतील हिमोग्लोबिनपासून बिलिरुबिन हे पिवळे द्रव्य तयार होते. ते साचले की डोळे पिवळे होतात. तीव्र आजारात जंतूंनी भरलेल्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांना चिकटतात, यकृताचे कामही मंदावते आणि कावीळ वाढते. विषाणूजन्य काविळीत यकृताची वितंचके (एंझाइमे) बहुधा शेकड्यांनी-हजारांनी वाढतात. हिवतापात ती वाढ सहसा बेताची असते. फाल्सिपेरममध्ये रक्तात जंतू पुष्कळ असून दर १०० मिलिलिटरला बिलिरुबिन ३ मिलिग्रॅमच्या वर गेले, तर तो आजार गंभीर समजतात. अशा रोग्यास विनाविलंब रुग्णालयात न्यावे.

याचा बोध

पावसाळ्यात ताप आला आणि प्लेटलेट उतरल्या की आपण लगेच 'डेंग्यू' म्हणतो. डोळे पिवळे दिसले की काविळीची माळ घालायला धावतो. दोन्ही वेळी हिवताप नजरेतून निसटू शकतो, आणि फाल्सिपेरममध्ये एक-दोन दिवसांचा उशीरही प्राणावर बेततो. वरील आकडे केवळ संशय दाखवितात; निकाल देते ती काचपट्टीवरील रक्ताची तपासणी. ती एकदा निर्दोष आली तरी ताप चालू असल्यास पुन्हा करावी.

उपचारांनी जंतू मेले की हे आकडे बहुधा पूर्ववत होतात. व्हायव्हॅक्सचे काही जंतू मात्र यकृतात दडून राहतात व पुढे पुन्हा ताप आणतात. यासाठी प्रायमाक्विनच्या गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच, पण सांगितलेले सर्व दिवस घ्याव्यात.

रॉस यांनी ज्या शहरात डासाचे गुपित उघड केले, त्या शहरात तरी रक्ताच्या एका थेंबाची तपासणी राहून गेली म्हणून कोणी दगावू नये.