मामा तलाव

मुलांनो, आपला गोंदिया हा तलावांचा जिल्हा. येथील कितीतरी तलावांना 'मामा तलाव' म्हणतात. हे मामा म्हणजे आईचे भाऊ नव्हेत! 'माजी मालगुजारी' या शब्दांच्या पहिल्या अक्षरांवरून हे नाव पडले.

पूर्वी कोहळी समाजातील जाणत्या लोकांनी येथे तलाव बांधले. नवेगाव बांधचा तलाव त्यांपैकीच एक. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली. तलाव सरकारकडे आले. पुढे देखभाल कमी झाली व गाळ साचला.

गाळ साचला की तलावात पाणी कमी मावते. धान पोटरीत येते आणि नेमका पाऊस दडी मारतो. तेव्हा तलावाचे एक पाणी मिळाले, तर पीक हाती लागते. नाही तर नुसती तणस उरते.

हाच गाळ शेताला मात्र कस देतो. म्हणून २०१७ मध्ये राज्यात 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजना सुरू झाली. पण गाळ वाहून नेण्याचा खर्च गरीब शेतकऱ्याला कसा झेपणार? २०२३ मध्ये लहान शेतकऱ्यांसाठी एकरी १५,००० रुपयांपर्यंत, अडीच एकरांच्या मर्यादेत, अनुदान ठरले.

गाळ नेण्यापूर्वी तो तपासून घ्यावा. पाळीच्या पायथ्याशी खोदू नये. साऱ्या पाणवनस्पती उपटू नयेत; त्यांच्या आधाराने मासे वाढतात.

तलाव पूर्वजांनी दिला. तो राखणे आपल्या हाती आहे.

शब्दार्थ : पोटरी – लोंबी बाहेर पडण्यापूर्वीची पिकाची अवस्था, तणस – धानाचा पेंढा, पाळ – तलावाचा बांध.

स्वाध्याय : तुमच्या गावच्या तलावाविषयी घरातील वडीलधाऱ्यांना विचारा व पाच वाक्ये लिहा.