ऑक्सफर्डची छोटी खोली

परदेशी विद्यापीठ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे भव्य इमारती उभ्या राहतात. परंतु इंग्लंडमधील ऑक्सफर्ड येथे दूरदेशीहून आलेल्या विद्यार्थ्याची खरी कसोटी अध्यापकांच्या छोट्या खोलीत लागते. तेथील वर्षात आठ-आठ आठवड्यांची तीन सत्रे असतात. त्या काळात पदवीचा विद्यार्थी 1602 साली खुल्या झालेल्या बोडलियनसारख्या ग्रंथालयांत बसून निबंध सिद्ध करतो व तो घेऊन अध्यापकांपुढे जातो. यास 'ट्युटोरियल' म्हणतात. सोबत फार तर एक-दोन सहाध्यायी. ''हे विधान कशावरून? उलट पुरावा मिळाला तर?'' असे प्रश्न येतात.

गुरुवाक्य प्रमाण मानून वाढलेला आपला विद्यार्थी आरंभी गप्पच बसतो. थंडी, परका आहार, घरची आठवण यांहूनही हे मौन त्याला अधिक जाचते. मतभेद म्हणजे अवज्ञा नव्हे, हे उमगले की त्याची जीभ मोकळी होते.

विद्यार्थिमित्रहो, तुम्ही परदेशी जा अथवा न जा. उत्तर पाठ करण्यापूर्वी 'कशावरून?' एवढे विचारण्याची सवय आजच लावून घ्या. वर्गात हा प्रश्न तुम्ही मला केलात, तर मला आनंदच होईल.